पाद्रीकाकांची तिपदरी घडी

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता पाद्रीकाका गेले. इस्पितळातून फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात कचऱ्यात द्यायच्या बाटल्यांची झाकणे वेगळी करत होते. मी झाकणे पिशवीत भरली, पिशवी खाली नेऊन ठेवली आणि इस्पितळात गेले.

तिथे परिचारिकेने त्यांच्या वस्तू माझ्या हातात दिल्या. चष्मा, बायबल, एक चमचा. चमच्याविषयी तिला शंका होती. "हा इस्पितळाचा तर नाही ना?" तिने विचारले. मी म्हटले, "नाही, त्यांचाच आहे." त्या चमच्याने त्यांनी कधी काही खाल्ले असेल असे मला वाटत नाही. त्याच्या पाठीने ते कागदाच्या घड्या दाबत.

हातात कागद आला की त्याची तिपदरी घडी घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रविवारच्या प्रार्थनेचे पत्रक तर तिपदरीच असायचे, पण वॉर्ड ऑफिसचे पत्र, औषधाची चिठ्ठी, कोनबिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातली पावती, माझ्या मुलीने, इराने, दिलेल्या चॉकलेटचे वेष्टण, सगळ्यांची गत तीच. आधी डावा पदर आत, मग उजवा त्यावर, मग चमच्याची पाठ वरून खाली एकदाच. दोनदा फिरवली तर म्हणत, "पहिल्यांदा नीट घातली नव्हती, म्हणून दुसऱ्यांदा फिरवावी लागली." मी माझ्या आयुष्यात पाहिलेली ही एकमेव व्यक्ती, जिच्या खिशातला कचराही देखणा असे.

पाद्रीकाका हे नाव इराने दिलेले. ते अमेरिकन होते, ओक्लाहोमातल्या एका लहान गावचे, आणि जपानमधल्या कोबेच्या टेकडीवरच्या एका छोट्या प्रार्थनाघराचे पाळक. आमची इमारत त्याच चढावर, दोन वळणे खाली. माझा नवरा जहाजांची इंजिने बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला, त्याच्या मागे मी साताऱ्याची कॉलेजातली नोकरी सोडून इथे आलेली. पहिले वर्ष मी स्टेशन, दुकान आणि कचऱ्याचे वेळापत्रक यांत घालवले. मग एकदा प्रार्थनाघराच्या फाटकावर पाटी दिसली. आतल्या इंग्रजी पुस्तकांच्या खोलीसाठी आठवड्यातून दोन दिवस बाइतो, म्हणजे अर्धवेळ कामाला माणूस हवे होते. मी आत गेले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "पुस्तक वाचून झाल्यावर तुम्ही ते जागेवर ठेवता का?" मी म्हटले, "नेहमी नाही." ते म्हणाले, "खरं बोलणारी मिळाली. उद्यापासून या."

आमच्याकडे येणारी मित्रमंडळी मला वहिनी म्हणत. ते ऐकून पाद्रीकाकांनी जपानी आदराचा 'सान' जोडून माझे 'वहिनी-सान' करून टाकले, आणि ते शेवटपर्यंत तसेच राहिले. आम्ही इंग्रजीत बोलत असू, मधूनमधून जपानीत. इथे मी त्यांना मराठी बोलायला लावते आहे, पण माझ्या कानात त्यांचा आवाज आता मराठीतच ऐकू येतो.

साताऱ्याला मी राज्यशास्त्र शिकवत असे. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला दोन तासिका अमेरिकेतला धर्म आणि तिथले पुराणमतवादी राजकारण या विषयावर घ्याव्या लागत. माझी त्याची एक वही होती. डावीकडे चर्च, उजवीकडे पक्ष, मधे बाण. ती वही मी का कोण जाणे, जपानलाही घेऊन आले होते. एका दुपारी ती टेबलावर पाहून पाद्रीकाकांनी एक ओळ बोटाने दाखवली आणि अर्थ विचारला. मी सांगितला, "धर्मसंस्थांनी मतदारांचे संघटन केले."

"धर्मसंस्थांनी?" ते म्हणाले. "छे हो. माझ्या आईने केलं."

मग त्यांनी त्यांच्या घरातला भिंतीवरचा फोन माझ्या डोळ्यांपुढे उभा केला. फोनशेजारी खिळ्याला एक यादी टांगलेली. गावात कुणी आजारी पडले की आई यादीतल्या पाच बायकांना फोन करी, त्या प्रत्येकी पाचजणींना करत, आणि संध्याकाळपर्यंत आजाऱ्याच्या घरी जेवणाची सात भांडी पोचलेली असत. बाळंतपण, मयत, गिरणी बंद पडली तेव्हा आणलेले धान्य, सगळे त्याच यादीवरून. आणि निवडणुकीच्या आदल्या दिवशी फोन जात, तेही त्याच यादीवरून.

"जी बाई तुमच्या बाळंतपणात आठवडाभर सूप घेऊन आली," ते म्हणाले, "तिने फोन करून सांगितलं, उद्या मत द्यायला जा, आणि अमक्याला दे, तर तुम्ही तिला नाही कसं म्हणाल? तुमच्या वहीत सूप कुठे आहे, वहिनी-सान?"

मी पेन्सिलीने समासात 'सूप' असे लिहिले. ते अजून तिथे आहे.

पुस्तकांत वाचून मी मनाशी अमेरिकन भाविकांचे दोन प्रकार करून ठेवले होते, कट्टर आणि उदार. पाद्रीकाका त्या दोन्हींत बसत नसत. ते जुन्या वळणाचे भाविक. दारूचा थेंब नाही, रविवारी काम नाही, बायबलात जे लिहिले आहे ते घडले आहे यावर श्रद्धा. मत टपालाने पाठवत, आणि वडिलांनी ज्या पक्षाला दिले त्याच पक्षाला. मी एकदा धीर करून विचारले, "मत देण्याआधी तुम्ही प्रार्थना करता?" ते म्हणाले, "पाकीट बंद केल्यावर करतो. आधी केली तर देवाच्या डोक्यावर खापर फोडायला मी मोकळा."

आमच्या गणपतीला जागा दिली तीही त्यांच्याच पद्धतीने. कोबेतली आम्ही सात-आठ मराठी घरे, दीड दिवसाचा गणपती, आणि त्या वर्षी हॉल मिळेना. मी भीत भीत त्यांना सभागृहाचे विचारले. ते बराच वेळ चमच्याशी खेळत बसले. म्हणाले, "सभागृहात मूर्ती नाही बसवता येणार. देव रागावेल की नाही हे मला खात्रीने सांगता येत नाही, पण माझी आई नक्की रागावेल." मग उठून उभे राहिले. "थांबा, मी गाडी बाहेर काढतो."

तर आमचा गणपती पाद्रीकाकांच्या गॅरेजमध्ये, बर्फात वापरायच्या टायरांच्या शेजारी बसला. ते दारात उभे राहून आरती ऐकत. आत पाऊल टाकत नसत, पण मोदक दाराबाहेर आला तर त्याला त्यांची हरकत नसे. आमच्यापैकी एकाने गावाकडच्या कुणा पुढाऱ्याचा शुभेच्छांचा फलक छापून आणला होता. त्यावर गणपती वरच्या कोपऱ्यात तिकिटाएवढा आणि पुढारी हात जोडून मध्यभागी. पाद्रीकाकांनी चष्मा पुसून तो नीट पाहिला आणि मला हळूच विचारले, "हे मधले देव कोणते?"

मी हसले, पण फलक काढला नाही. देवाच्या कामात कुणी दिलेला कागद परत करायचा नसतो, अशी आमची रीत. ही रीत पुढे मला भोवायची होती.

दर ऑक्टोबरात अमेरिकेहून एक पत्र्याचा डबा येई. रॉयचा डबा. रॉय हा त्यांचा धाकटा भाऊ. गावाकडच्या चर्चचा कारभारी आणि पक्षाचाही स्थानिक माणूस. दोन्ही कामे तो एकाच टेबलावर करी, असे पाद्रीकाका म्हणत. डब्यात घरच्या झाडाचे पिकान, म्हणजे अक्रोडाच्या जातीचा सुका मेवा, असे. पाद्रीकाका डबा स्वतः उघडत, मेवा सगळ्यांना वाटत, स्वतः शेवटी एक खात, आणि डोळे मिटून झाडाचे नाव सांगत. "हे विहिरीजवळचं. हे कुंपणापलीकडचं." पण रॉयला पोच जात नसे. पत्र नाही, फोन नाही. एकोणीस वर्षांत दोघा भावांनी एकमेकांचा आवाज ऐकला नव्हता. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "आवाज ऐकला तर मी माफ करून टाकेन, आणि अजून माझा राग संपलेला नाही." हे सांगताना हातातल्या कागदावर त्यांनी चमचा दोनदा फिरवला.

त्या वर्षी डबा आला तेव्हा पाद्रीकाका डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होते. शनिवारी रविवारची पत्रके घडी करायचे काम माझ्यावर आले. मी डबा उघडला. मेव्याच्या वर एक पाकीट होते, त्यात चाळीसेक छापील कागद, आणि वर रॉयच्या अक्षरात चिठ्ठी, 'रविवारच्या पत्रकात घालण्यासाठी.' कागदावर दोन रकाने होते. प्रत्येक रकान्यावर एका उमेदवाराचा फोटो, आणि खाली गर्भपात, शाळेतली प्रार्थना, असे एकेक विषय घेऊन कोण हो म्हणतो आणि कोण नाही. मत कुणाला द्या हे कुठेच लिहिलेले नव्हते. तसे लिहायला त्यांच्याकडे कायद्याची अडचण आहे, हे मी वर्गात शिकवत असे. फक्त एका उमेदवाराचा फोटो न्हाव्याकडून परतताना काढलेला होता आणि दुसऱ्याचा दाढदुखीत.

आता खरे सांगायचे तर मला आनंद झाला. ज्या कागदावर मी इतकी वर्षे फळ्यापुढे उभी राहून बोलले, तो पहिल्यांदाच हातात आला होता. त्यांच्याकडची हीच पद्धत, हे मी पुस्तकांत वाचलेले. भावाची चिठ्ठी समोर. देवाच्या कामात आलेला कागद. मी प्रत्येक पत्रकात एकेक घातला, चमच्याने घडी दाबली, आणि आपण पाद्रीकाकांच्या गैरहजेरीत किती नीट काम केले, असे वाटून घरी गेले.

रविवारी ते एका डोळ्यावर पट्टी बांधून आले. वाचता येत नव्हते, म्हणून सगळे पाठ म्हणत होते. समोर तीसएक माणसे असतील, फिलिपिनो परिचारिका, एक नायजेरियन कुटुंब, पुढच्या दोन रांगांत जपानी आजीबाई, आणि मागे इंग्रजी शिकवायला आलेली एमिली नावाची अमेरिकन मुलगी. मी दाराशी उभी होते. दुसरे भजन संपले आणि एमिली उठली. तिच्या हातात तो कागद उलगडलेला होता. तिने पिशवी खांद्याला लावली आणि ती दाराकडे निघाली.

पाद्रीकाकांना एका डोळ्याने कागद दिसला असेल की तिची चाल, मला माहीत नाही. ते व्यासपीठावरून उतरले. त्या वयात इतक्या भरभर चालताना मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"एमिली, थांब. तो कागद मला दे."

तिने दिला. तिचा चेहरा लाल झाला होता. "मला वाटलं होतं, निदान इथे तरी हे नसेल," ती म्हणाली.

"मलाही," ते म्हणाले. "बस पाच मिनिटं. मग जायचं तर जा, मी दार उघडून देईन."

ती शेवटच्या बाकाच्या कडेवर बसली. पाद्रीकाका परत व्यासपीठावर गेले नाहीत. बाकांच्या मधे उभे राहून बोलले, आणि मला एकोणीस वर्षांच्या अबोल्याचे कारण त्या दिवशी कळले.

वडिलांच्या जागी ते गावाच्या चर्चचे पाळक झाले होते. तिथे मिसेस हार्मन नावाची शाळेतली बाई बावीस वर्षे पियानो वाजवत असे. एका वर्षी ती शाळा समितीच्या निवडणुकीला उभी राहिली, दुसऱ्या बाजूने. त्या रविवारी तिने पियानोवर बसून पत्रक उघडले, तर आत कागद, आणि उजव्या रकान्यात तिचेच नाव. तिने झाकण मिटले आणि ती बाहेर गेली. रॉयने कागद आणले होते. "पण घड्या मी घातल्या होत्या," पाद्रीकाका म्हणाले. "याच चमच्याने. मला माहीत होतं आत काय आहे. पुढच्या रविवारी आम्ही पियानोशिवाय गायलो आणि रॉय म्हणाला, आवाज छान लागला. त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. खरं म्हणजे मला स्वतःशी बोलायचं नव्हतं. स्वतःशी अबोला धरता येत नाही, म्हणून रॉयशी धरला."

मग ते एमिलीकडे वळले. "तुझं मत तुझं. माझं बहुधा तुला आवडणार नाही. पण या दारातून कुणी कागदामुळे बाहेर जाणार नाही, एवढंच मला या आयुष्यात दुरुस्त करता येतं."

एमिली पिशवी खांद्यावरच ठेवून बसून राहिली. मला दाराच्या फटीतून निसटून जावेसे वाटत होते. आणि तेवढ्यात दानाची टोपली फिरून पुढच्या रांगेतून परत आली.

टोपलीत तेच कागद होते. बारा. भरलेले.

पुढच्या रांगांतल्या आजीबाईंना इंग्रजी जेमतेम येत असे, पण छापील कागदावर दोन रकाने दिसले की तो भरून द्यायचा, हे जपानमध्ये कुणालाही सांगावे लागत नाही. त्यांनी पर्समधून पेन्सिली काढल्या होत्या. पसंतीच्या फोटोवर गोल, दुसऱ्यावर फुली. खाली तारीख. आणि प्रत्येकीने, इथे सहीऐवजी मारतात तो आपल्या नावाचा लाल शिक्का, सरळ, चौकटीत बसल्यासारखा मारला होता. पाद्रीकाकांनी एकेक कागद डोळ्याजवळ नेऊन पाहिला. अकराजणींनी दाढदुखीवाल्याला निवडले होते.

"ओकुमुरा-सान," त्यांनी सर्वांत वयस्कर आजीबाईंना जपानीत विचारले, "याला का बरं निवडलंत?"

ओकुमुरा-सान उठून, वाकून म्हणाल्या, "दमलेले दिसतात. खूप काम करत असावेत. दुसरे गृहस्थ फारच हसतात."

"आणि ही निवडणूक कशाची आहे, असं तुम्हाला वाटलं?"

"पुढच्या महिन्याच्या जेवणाच्या समितीची. नाही का?"

पाद्रीकाका आधी तोंडावर हात धरून हसले. मग हात काढून हसले. मग त्यांना बाकावर बसावे लागले. पट्टीखालून पाणी येऊ लागले तशी फिलिपिनो परिचारिका धावल्या, "डोळा, डोळा! हसू नका, टाके आहेत!" त्यावर ते आणखी हसले. मागे एमिलीही हसत होती. तिची पिशवी केव्हाच खाली आली होती.

प्रार्थना संपल्यावर मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "काका, ते मी केलं. चिठ्ठी होती, म्हणून घातले. मला विचारायला हवं होतं."

"घडी कुणी घातली?"

"मीच."

"एकदा चमचा फिरवलात की दोनदा?"

"एकदा."

"मग कामात खोट नाही," ते म्हणाले. "फोन द्या इकडे. रॉयचा नंबर डब्याच्या झाकणावर असतो, दर वर्षी लिहितो गाढव."

तिकडे शनिवारची रात्र होती. पलीकडून झोपेतला आवाज आला. पाद्रीकाकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "रॉय, मी बोलतोय. तुझ्या पत्रकांनी जपानमध्ये तुझा माणूस पाडला. अकरा विरुद्ध एक. सगळ्या मतांवर शिक्के आहेत." मग फोनमधून जे हसू ऐकू आले, ते हुबेहूब पाद्रीकाकांचे होते.

त्यानंतर दर शनिवारी सकाळी रॉयचा फोन येऊ लागला. मतभेद होते तिथेच होते, म्हणून दोघांनी नियम केला. पहिली दहा मिनिटे राजकारण, मोठ्या आवाजात. पाद्रीकाका अंडी उकडायचा टायमर लावत, आणि इरा त्याच्यावर लक्ष ठेवायला बसे. टायमर वाजला की ती जपानीत ओरडे, "ओवारी! संपलं!" आणि दोघे म्हातारे वाक्याच्या मध्यावर थांबत. पुढचा तास विहीर, कुत्री, आई, कोणते झाड यंदा फळले.

पहिल्याच महिन्यात पाद्रीकाकांनी रॉयला एक काम सांगितले होते. रॉय तीन शनिवार टाळत राहिला. चौथ्या शनिवारी म्हणाला, "गेलो होतो तिच्याकडे. टोपी हातात घेऊन उभा राहिलो. मिसेस हार्मन म्हणाली, उशीर केलास, रॉय. आत ये, पियानो खिडकीपाशी सरकवायला मला माणूस हवाच होता." त्या दिवशी टायमर लावायचे कुणालाच आठवले नाही.

अशी चार वर्षे गेली. रॉय एप्रिलमध्ये कोबेला येणार होता. पाद्रीकाका मार्चमध्ये गेले. तो मार्चमध्येच आला, जन्मात पहिल्यांदा विमानात बसून, काखेत पत्र्याचा डबा घेऊन. अंत्यप्रार्थनेला सभागृहात पुढच्या रांगेत बसला. पत्रकांच्या घड्या मी घातल्या होत्या. त्याने आपले पत्रक उघडून आत पाहिले, काही नव्हते, आणि ते पुन्हा तसेच मिटले. प्रार्थनेनंतर ओकुमुरा-सान त्याच्यापुढे येऊन वाकल्या. काय विचारायचे ते त्यांनी मला सांगितले. मी भाषांतर केले.

"त्या दमलेल्या गृहस्थांचं पुढे काय झालं?"

"हरला," रॉय म्हणाला.

"अरेरे," ओकुमुरा-सान म्हणाल्या. "आता तरी विश्रांती मिळाली असेल."

रॉय हसायला लागला, आणि हसता हसता त्याने माझ्या खांद्याला धरले. ते हसू ऐकून इराने मागे वळून पाहिले. कोण हसते आहे, हे तिला क्षणभर कळले नाही.

शनिवारी सकाळी रॉयचा फोन आता आमच्याकडे येतो. दहा मिनिटे टायमर लावून तो माझ्याशी भांडतो. चमचा माझ्या टेबलाच्या खणात आहे. या रविवारसाठी एकतीस पत्रके घडी करून ठेवली आहेत.